बाहेरचं काम

सोमवार, ३ मार्च

माझं तोंड धुपून गेलंय. बाटलीवरचं. न्हाणीघरात ठेवली होती बाटली. आधी नाक गेलं, मग एक डोळा गालावर उतरला, आणि आज बघते तर वर केस आणि खाली हनुवटी, मधे सगळा चिखल. बुडून फुगलेलं प्रेत वर यावं तशी दिसते मी. ज्याचं तोंड छापायचं त्याला विचारायचं नाही, ते एक असो. पण छापलेलं तोंड टिकवायची तरी अक्कल नको?

हां, आता नमस्कार. वहीला नमस्कार करतात की नाही मला माहीत नाही. ही वही नातीने आणून दिली. म्हणाली, "आजी, मनात येईल ते लिहीत जा. चांगलं असेल ते बाटलीवर छापू."

नात आणि नातजावई मिळून साबणाचा धंदा करतात. अंगणापलीकडच्या लांब खोलीत पातळ साबण बनतो आणि काचेच्या बाटल्यांत भरला जातो. रिकामी बाटली गिऱ्हाइकाने दुकानात परत द्यायची, ती इथे येते, धुऊन पुन्हा भरली जाते. प्लॅस्टिक नाही, कचरा नाही, कोणाला पिळायचं नाही, असं नात म्हणते, आणि म्हणताना तिचे डोळे लहानपणी फुगा मिळाल्यावर व्हायचे तसे होतात. धंद्याचं नाव 'आजीचा हात'. आजी म्हणजे मी. हात कोणाचा ते विचारू नका. मी जन्मात साबणाचा एक थेंब केलेला नाही.

आणि छापतात काय? मागे मी म्हणाले होते, "आम्ही राखेने भांडी घासायचो, बोटं फुटायची. जळला तो जमाना." बाटलीवर आलं, 'आजी म्हणते, चला जुन्या काळाकडे.'

तेव्हा ही वही मी कोणाला दाखवणार नाही. गोडगोड लिहायला दुसरी एक केली आहे. तिच्यात आज लिहिलं, 'पाणी हेच जीवन.' घ्या.

शुक्रवार, ७ मार्च

जेवताना विषय काढला. म्हटलं, "माझं तोंड नीट चिकटवा, नाहीतर काढून टाका."

नात म्हणाली, "अगं, कागदी लेबल आहे, खळीने चिकटवलेलं. कोमट पाण्यात सुटावं म्हणूनच तसं केलंय. मौनी दोन बोटांनी सोलते."

"मग मौनीचंच तोंड लावा."

मौनी म्हणजे बाटल्या धुणारी. नाव मीच ठेवलंय, कारण ती एक क्षण गप्प बसत नाही. नळाखाली हात आणि वर तोंड, दोन्ही एकदम चालू. मला बघितलं की ओरडते, "आजी, आज तुमची किती तोंडं सोलली म्हणून सांगू! एक तर हसत होतं!" तिच्या नवऱ्याचं घोरणं, शेजारणीचं लग्न मोडणं, मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं मला तिच्या बाटल्यांच्या खणखणाटासकट माहीत आहे.

नातजावई माझ्या बाजूने बोलला. क्वचितच बोलतो. म्हणाला, "आजींचं बरोबर आहे. दुकानदारही तेच म्हणतात, तुमची आजी रडते. पाण्याने न भिजणारं लेबल मिळतं, पक्क्या गोंदाचं."

"मग ते सुटणार कसं?" नातीने विचारलं.

"बघू," तो म्हणाला. त्याचं लग्नही बहुतेक असंच ठरलं असेल. बघू.

माझंच खरं झालं शेवटी.

मंगळवार, १८ मार्च

नवी लेबलं काल आली. चकाचक. नाक जागेवर, दोन्ही डोळे आपापल्या घरी. मी नखाने खरवडून पाहिलं, चमच्याने खरवडून पाहिलं, रात्रभर बादलीत बुडवून ठेवली. हललं नाही. याला म्हणतात काम.

बुधवार, ३० एप्रिल

या महिन्यात लिहिण्यासारखं काही झालं नाही. दाढ दुखली, काढली.

सोमवार, ५ मे

अंगाची नुसती लाही होते आहे आणि आमची नात मनगटापर्यंत बाह्या घालून फिरते. विचारलं तर म्हणते, "ऊन लागतं." घरात? पंख्याखाली? आणि आता जेवतेही चमच्याने. लहानपणी कोपरापर्यंत ओघळ यायचे हिच्या. दोन माणसं पगारावर ठेवली की माणूस असं मोठं होतं. मी म्हटलं, "सुरीही देऊ का बाईसाहेबांना?" हसली नाही. पूर्वी हसायची.

पुढच्या आठवड्यात तपासणीवाली बाई येणार आहे. सगळं बघून ती शिक्का देणार. शिक्का म्हणजे हा माल माणसाला आणि मातीला न दुखावता केलाय असं बाटलीवर छापता येतं. शिक्का मिळाला की गावोगाव शाखा असलेलं मोठं दुकान माल उचलणार. शिक्का नाही मिळाला तर, नात म्हणाली, "आपलं आवरतं घ्यायचं." एवढं बोलून पाणी प्यायली. ग्लास दोन्ही तळव्यांत धरून, बोटं लांब ठेवून. हीही काही नवी पद्धत असेल.

खणखणाट ऐकू येत नाही हल्ली. मौनी कुठे आहे विचारलं.

नातजावई म्हणाला, "धुणं बाहेर दिलं, आजी."

"बाहेर म्हणजे?"

"म्हणजे आता ते आपल्याकडे नाही. बाहेरचं काम."

एवढी सोन्यासारखी बोलकी बाई, जाताना सांगून गेली नाही. मला जरा लागलंच. मावशीच्या गुडघ्याचं पुढे काय झालं कोण सांगणार आता?

शुक्रवार, ९ मे

माझं डोकं फुटेल आता.

सकाळी अंगणाच्या कडेला वेलाला पाणी घालत होते. मागच्या भिंतीखालून मोरीचं पाणी येतं, त्याला कसलातरी उग्र वास. नाकात जाऊन बसला. आणि वेल मुळापाशी पिवळा. मी वाकले तर भिंतीपलीकडून आवाज आला. खण्. खण्. बाटलीवर बाटली.

भिंतीत एक दार होतं. त्याला फळ्या मारल्यात. मी फाटकातून बाहेर पडले, गल्लीला वळसा घातला, गुडघ्यांना शिव्या देत मागच्या बाजूला पोचले. तिथे आमचीच पत्र्याची शेड. आमचीच. त्यात आधी माझ्या नवऱ्याच्या सायकली असायच्या. आता तिला गल्लीकडून वेगळं दार पाडलंय, वेगळी पाटी लावलीय, आणि आत मौनी.

मला बघून ती बोलली नाही. हे मी पुन्हा लिहिते. मौनी बोलली नाही.

"काय गं, जीभ गहाण टाकलीस का?" मी म्हटलं.

नुसती हसली आणि हात पाठीमागे घेतले. मी म्हटलं, "दाखव." नाही म्हणाली. मी मनगट धरून पुढे ओढलं.

बोटांची टोकं उकडलेल्या बटाट्यासारखी, साल सुटलेली. नखांच्या कडा उलून पिवळ्या. अंगठ्याजवळ भाजल्यासारखा लाल पट्टा, मधे ओला. समोर टबात धूर नसलेलं पण धुरासारखं लागणारं पाणी, आणि त्यात बाटल्या. प्रत्येक बाटलीवरून मी हसते आहे. दोन्ही डोळे जागेवर.

"कॉस्टिक सोडा आहे," ती म्हणाली. "त्याशिवाय गोंद सुटतच नाही, आजी. तरी लोखंडी पत्रीने खरवडावं लागतं."

"मोजे नाही दिले?"

"दिलेत की, रबरी. पण बाटली निसटते त्यात. फुटली की मोजा कापतो, पाणी आत शिरतं, आणि आतच राहतं. त्यापेक्षा उघडे बरे. निदान लगेच धुता येतात."

"मग मला येऊन सांगितलं का नाहीस?"

"मी आता तुमच्याकडे कुठे आहे? मी बाहेर आहे ना." आणि हे तिने असं सांगितलं जसं काही ती परगावी राहते.

"कोणाच्या बाहेर?"

पाटीवरच्या मालकाचं नाव तिला नीट सांगता येईना. नातजावयाचा कोणी मित्र आहे म्हणे, पाटीपुरता.

टबाच्या बाजूला स्वच्छ बाटल्यांचा ढीग. त्यावर उद्या पुन्हा लागणार 'आजीचा हात. हाताला मऊ.'

दुपारी मी जेवले नाही. दोघांना समोर बसवलं. नातजावयाने समजावून सांगायला सुरुवात केली, त्याच्या त्या सावकाश आवाजात, जणू मी बहिरी आहे. शिक्क्यासाठी आपल्या छपराखाली काय चालतं तेवढं बघतात. धुणं दुसऱ्या नावावर आहे, म्हणून ते बघत नाहीत. सगळे असंच करतात. नियमात बसतं.

"भिंतीखालून हात घातला तर तिच्या टबाला लागतो माझा हात!" मी म्हटलं. "हे बाहेर? मग आत काय राहिलं? माझी खुर्ची?"

"आजी, आवाज."

"आवाजही बाहेर देऊन टाक ना! कोणी सांगितलं होतं तो पक्का गोंद लावायला? कोणत्या शहाण्याने?"

नात ताटात चमचा फिरवत राहिली. मग नातजावई हळूच म्हणाला, "तुम्हीच, आजी. तोंड पुसतं म्हणून."

मी म्हणाले असेन. मी या घरात काय काय म्हणत असते! दूध कमी उकळा म्हटलं, ऐकलं? मोठ्याने गाणी लावू नका म्हटलं, ऐकलं? नेमकं तेवढं एक ऐकलं.

सोमवार, १२ मे

तपासणीवाली बाई आली. वाईट नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं, मला शिव्या देता आल्या असत्या. साधे सुती कपडे घातलेली, चपला दाराबाहेर काढल्या, मला वाकून विचारलं कशा आहात म्हणून. साबणाच्या खोलीत प्रत्येकाशी बोलली. सुट्टी मिळते का, प्यायला पाणी कुठे आहे, कोणी ओरडतं का. नीट ऐकायची, मान एका बाजूला करून.

मग माझ्यापाशी आली. मला दिवाणखान्यात खुर्चीत बसवलं होतं, मागे उशी, हातात बाटली. देखावा.

"आजी, तुम्हाला या कामाबद्दल काय वाटतं?"

मी म्हटलं, "मागे चला, दाखवते. बाटल्या धुणारीचे हात बघा."

तिने लगेच नातजावयाकडे पाहिलं. मला बरं वाटलं. म्हटलं आता धरते याला.

"ते बाहेरचं काम आहे," तो म्हणाला. "वेगळी संस्था."

"अच्छा," बाई म्हणाली. आणि चेहरा मिटला तिचा, खिडकी लावावी तसा. "मग ते माझ्या कक्षेत येत नाही, आजी."

"कक्षेत म्हणजे?"

"म्हणजे मला तिकडे बघता येत नाही."

"डोळ्यांचं काही आहे का?"

नातीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. बाही मनगटाच्याही पुढे ओढलेली. बाई लाजली, खरंच लाजली, पण जागची हलली नाही. उलट माझा हात हातात घेतला आणि विषय बदलायचा म्हणून म्हणाली, "किती मऊ हात आहे हो तुमचा! या वयात!" आणि फोटो काढला. माझ्या हाताचा.

माझा हात मऊ आहे कारण मी काही करत नाही! भांडी यंत्र घासतं, कपडे यंत्र धुतं, मी वेलाला पाणी घालते आणि भांडते. यात साबणाचा काय संबंध?

शिक्का मिळाला. नातजावयाने मिठाई आणली. मी खाल्ली नाही. नातही खोलीत गेली. दमली असेल.

बुधवार, १४ मे

आज पुन्हा मागे गेले. मौनीसाठी मलम घेऊन. तर तिच्याकडे आधीच एक होतं, महागातलं, निळ्या झाकणाचं. तेच मी आमच्या न्हाणीघरात पाहिलंय.

"हे कुठलं?"

मौनी गडबडली. "ताईंनी दिलं. सांगू नको म्हणाल्या. त्या येतात ना रोज, सकाळी तुम्ही उठायच्या आत. माझ्या वाटचे दोन क्रेट धुऊन जातात. मी म्हटलं ताई, तुम्ही नका. तर म्हणाल्या, मलाही कळू दे."

मी तिथेच पालथ्या क्रेटवर बसले.

बाह्या. चमचा. तळव्यांत धरलेला ग्लास. आणि मी म्हटलं होतं, सुरी देऊ का.

आता कोणी वाचलं तर वाटेल म्हातारी विरघळली. अजिबात नाही. माझा राग वाढला. ती बिचारी सुती कपड्यांतली बाई, तिला दिसलं नाही, कारण बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं. हिने तर हात घालून पाहिला! रोज पाहिला! किती आग होते ते हिला बोटाच्या टोकापर्यंत माहीत, आणि तरी दारावर फळ्या मारू दिल्या. सोमवारी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला गप्प केलं, ते ह्याच हाताने.

घरी येऊन तिला म्हटलं, "बाही वर कर."

केली. मी बघून घेतलं.

"मोठ्या दुकानाचे पैसे आले की धुवायचं यंत्र घेणार आहे, आजी," ती म्हणाली. रडत होती पण आवाज ताठ. "तोवर कसंतरी काढायचंय. एकदा बंद पडलं तर मौनीलाही काम नाही. म्हणून निम्मं मी करते."

"निम्मं कसलं? तू मनात आलं की उठून जाऊ शकतेस. ती जाऊ शकते का?"

"मीही भाजून घेतेय ना."

"तुझे हात तुझे. हवे तर चुलीत घाल. तिचे तू कोणाला विचारून घेतलेस?"

तिच्याकडे इतकी पुस्तकं आहेत चांगुलपणावर, कपाट वाकलंय. याचं उत्तर एकातही नसावं.

गुरुवार, १५ मे

खुर्ची हलवली. नातजावई फोनवर होता तेव्हा बाटल्या भरणाऱ्या दोन पोरींना हाताशी धरलं आणि माझी खुर्ची, उशी, पाण्याचा तांब्या, सगळं गल्लीतून फिरवून मागे शेडमध्ये नेऊन ठेवलं. तो धावत आला. "आजी, हे काय?"

"बाहेर आलेय. धुणं बाहेर, तर आजीही बाहेर. आता मी तुमच्या कक्षेत येत नाही."

"परवा मोठ्या दुकानाचा माणूस येतोय सह्या करायला. त्याला तुमच्यासोबत फोटो हवाय."

"मिळेल की. इथे."

त्याने टबाकडे पाहिलं, मौनीकडे पाहिलं, भिंतीवर पत्री टांगलेली, तिच्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडून 'बघू' निघालं नाही. तो मनाने दुष्ट नाही. त्याला फक्त गोष्टी नजरेआड ठेवायची सवय आहे. सायकलींच्या जागी आता बाई ठेवलीय, एवढंच त्याला वाटत होतं.

तो गेल्यावर मी मौनीला विचारलं, "तो माणूस आला तर बोलशील?"

"बोलले तर काम जाईल, आजी."

खोटं कशाला सांगू? म्हटलं, "जाईलही. पण हे सोडून दुसरं तोंड नाही त्यांच्याकडे बाटलीवर लावायला. तुझं काम गेलं तर माझं तोंडही गेलं. मग छापा म्हणावं रिकामी बाटली."

तिने बोटांवरचं ओलं फडकं घट्ट गुंडाळलं. मग म्हणाली, "मुलाला हात लावला तर तो रडतो हो. खरखरतं म्हणून." आणि सुटली. दोन महिन्यांचं तुंबलेलं सगळं. रात्री पांघरूण बोटांना लागलं तरी जाग येते ते, लिंबू चिरता येत नाही ते, दवाखान्यात काय काम करता विचारल्यावर साबणाचं म्हटलं तर डॉक्टर हसला ते. मधेच मावशीचा गुडघा. तो बरा झालाय म्हणे.

मी मधे बोलले नाही. माझ्यासाठी हे सोपं नाही.

शनिवार, १७ मे, सकाळ

ही वही आज स्वयंपाकघरात ओट्यावर उघडी ठेवून मी मागे जाते आहे. पोरी, मनात येईल ते लिही म्हणाली होतीस. आता वाच. पहिल्या पानापासून वाच, तुझ्या चमच्याबद्दल लिहिलंय तेही. ते मी खोडणार नाही.

टब मी काल रिकामा करायला लावला. मोरीत नाही, वेल आधीच मेलाय. सोडा विकणाऱ्यालाच बोलावून परत न्यायला लावला, त्याला चार शब्द ऐकवले. पक्क्या लेबलाच्या उरलेल्या बाटल्या कपाटात भरून ठेवा, यंत्र येईल तेव्हा येईल. आजपासून पुन्हा कागद आणि खळ. माझं नाक जाईल. जाऊ दे. डोळा गालावर येईल. येऊ दे. दुकानदार म्हणाले आजी रडते, तर सांगा, हो, रडते.

दारावरच्या फळ्या आज निघाल्या पाहिजेत. नातजावयाने स्वतः काढायच्या, गडी लावायचा नाही.

मोठ्या दुकानाचा माणूस येईल, विचारेल आजी कुठे. सांगायचं, मागे. त्याला त्याच दारातून आणायचं, गल्लीने नाही. तो माझ्याशी हात मिळवायला येईल. मी मिळवणार नाही, मौनी मिळवेल. मग तो विचारेल, हे काय झालं?

तेव्हा नातजावयाने तोंड उघडायचं नाही. मीही उघडणार नाही, जिभेवर दात ठेवीन, उरलेत तेवढे. तू बाह्या वर करून तिच्या शेजारी उभी राहा, आणि तुला विचारलं तरच बोल. चहा थंड झाला तर होऊ दे.

उत्तर मौनीने द्यायचं. सगळं संपेपर्यंत तीच बोलेल.